कोतवालाची नोकरी



आजचा विषय कोतवालाचा आहे. कोट राखणारा तो कोटपाल, आणि त्या कोटपालाचा पुढे कोतवाल झाला, असे भाषेचे जाणकार सांगतात. आपल्या बाजूस हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. शेतातल्या तारेवर बसणारा, दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी, त्यास आपण कोतवाल म्हणतो. तो कावळ्याघारींना हुसकावून लावतो, म्हणून दुबळी पाखरे त्याच्याच झाडावर घरटी बांधतात. दुसरा कोतवाल गावचा. तलाठ्याच्या हाताखालचा, दवंडी देणारा, नोटिसा पोचविणारा, उन्हातान्हात सातबाराचे दप्तर वाहणारा. आणि तिसरा कोतवाल इतिहासातला, ज्याच्या शिपायांची आरोळी ऐकून बादशाही शहर दारे लावून घेत असे. एकाच शब्दाच्या पोटात राखणदार पाखरू, गरीब चाकरमाना आणि जबरदस्त अंमलदार असे तिघे नांदतात. या तिसऱ्याची गोष्ट आम्ही आज सांगणार आहोत. पण ती सांगताना पहिले दोघे आपण विसरू नयेत, एवढी विनंती.

शिवाय हे गाव नाक्याचे आहे. नावातच पहारा आहे. १९४७ पर्यंत इकडे निजामाचा मुलूख आणि तिकडे वाशीमकडे इंग्रजी अंमलाखालचे वऱ्हाड. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्यास करोडगिरी म्हणत. नाका म्हटला की गाडी अडविणे आले, पोती सोडविणे आले आणि वाटेचा माणूस कोण, कोठला, कशाला निघाला हे विचारणेही आले. अडविणारा कोण आणि अडविला जाणारा कोण, हे ज्या गावाच्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे, त्या गावास पहाऱ्याचा अर्थ पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

आम्हांला फारसी येत नाही, आणि कॉलेजची पायरीही आम्ही चढलो नाही. जो इतिहास वाचला तो भाषांतरांतून. आपल्याच मराठवाड्यातील निलंग्यास जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणून आमच्यासारख्यांवर मोठे उपकार केले आहेत. विद्वानांनी खणून काढलेले सत्य कामगाराच्या नजरेने पाहावे, एवढाच आमचा अधिकार.

प्रथम पदाविषयी. शहराचा बंदोबस्त पाहणारा बादशहाचा खास माणूस ही कल्पना दिल्लीत जन्मलेली नाही. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळी त्या खात्यास ‘शुर्ता’ म्हणत आणि त्याचा मुख्य फार वजनदार असे. इसवी सन ८३३ मध्ये खलिफा मामून याने एका धार्मिक मताविषयी हुकूम काढला. कुराण निर्माण झालेले आहे, असे साऱ्या पंडितांनी मान्य करावे, असा तो हुकूम. तो अमलात कोणी आणावा? बगदादचा बंदोबस्त पाहणारा इस्हाक बिन इब्राहीम याने! मोठमोठे पंडित त्याच्यासमोर उभे राहिले. बहुतेकांनी मान तुकविली. अहमद बिन हंबल यांच्यासारख्या थोड्यांनी नकार दिला आणि तुरुंग पत्करला. चोर पकडण्यासाठी नेमलेला माणूस पाहतापाहता विचार पकडू लागतो, याचे हे फार जुने उदाहरण आहे.

पण कोतवाल म्हणजे सदैव जुलमाचेच हत्यार, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिल्लीच्या सुलतानीतले दोन कोतवाल बरनी नावाच्या इतिहासकाराने फार सुरेख रंगविले आहेत.

पहिला मलिक फख्रुद्दीन. बल्बन सुलतानाची कारकीर्द १२६६ ते १२८७. त्याच्या आधी अल्तमशच्या काळात काही हजार स्वारांना चाकरीबद्दल दुआबात गावे तोडून दिली होती. ते स्वार आता म्हातारे झाले, कित्येक मेले, त्यांची गावे मुलाबाळांकडे राहिली. बल्बनने हिशोब तपासला आणि हुकूम काढला : जे चाकरी करीत नाहीत त्यांची गावे काढून घ्या, म्हाताऱ्यांना पोटापुरते काही टाका. आता हे आपल्या ओळखीचे वाटते की नाही? निवृत्त माणसाचे पेन्शन हा सरकारास नेहमीच भार वाटत आला आहे. ते म्हातारे स्वार नजराणे घेऊन कोतवालाकडे गेले. बरनी सांगतो की कोतवालाने नजराणा परत केला. तुमच्याकडून काही घेतले तर माझ्या शब्दास वजन राहणार नाही, असे तो म्हणाला. मग दरबारात जाऊन तो खिन्न उभा राहिला. सुलतानाने कारण विचारता म्हणाला, म्हाताऱ्यांना काढून टाकण्याचा हुकूम झाला असे ऐकतो. मीही म्हाताराच आहे, आता माझे काय होणार याची काळजी लागली. सुलतानाच्या डोळ्यांत पाणी आले आणि हुकूम मागे घेतला गेला. आम्ही आजवर पुष्कळ शिष्टमंडळे नेली आहेत, पण याहून चांगली वकिली आम्हांस करता आलेली नाही. वकिली करणाऱ्याने आधी हात स्वच्छ ठेवावा आणि दुसऱ्याचे दुःख आपले म्हणून सांगावे, हे दोन्ही धडे त्या कोतवालाने दिले आहेत.

दुसरा अलाउल्मुल्क. याचा आपल्या मुलखाशी आडून संबंध आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चुलत्याला न सांगता देवगिरीवर चालून आला, तेव्हा मागे कडा येथे कारभार पाहण्यास आणि दिल्लीस खोटीखरी पत्रे पाठवीत राहण्यास त्याने ज्याला ठेवले तो हाच गृहस्थ. देवगिरीची लूट ज्या गुप्ततेवर उभी होती तिच्यात त्याचा हात होता. पुढे तो दिल्लीचा कोतवाल झाला. अल्लाउद्दीनला यशाची धुंदी चढली. आपण नवा धर्म काढावा, शिकंदराप्रमाणे जग जिंकावे, असे बेत तो मद्याच्या बैठकीत बोलू लागला आणि बाकीचे मान डोलवू लागले. कोतवालास विचारले तेव्हा त्याने आधी मद्य दूर करविले, बैठकीतली माणसे बाहेर घालविली आणि मग स्पष्ट सांगितले : धर्म काढणे हे राजांचे काम नव्हे; जग जिंकण्यास निघाल तर मागे दिल्ली कोणाच्या हाती ठेवाल? आधी मोगलांच्या, म्हणजे मंगोलांच्या, स्वाऱ्या थोपवा आणि दारू कमी करा. सुलतानाने रागावण्याऐवजी त्यास वस्त्रे आणि दहा हजार टंक बक्षीस दिले.

हे दोघे ध्यानात ठेवून आता मोगल बादशाहीकडे येऊ.

अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त कोतवालाची कामे सविस्तर लिहिली आहेत. ती यादी वाचताना आम्ही थक्क झालो. शहरातील घरांची आणि वाटांची नोंद ठेवावी. वस्तीचे मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक मुख्य नेमावा, आणि आल्यागेल्याची व घडल्याबिघडल्याची खबर त्याने रोज पोचवावी. परक्यांसाठी वेगळी सराई असावी. मापे-वजने तपासावीत, भाव पाहावेत. पाणवठ्यावर बायापुरुषांची वेगळी सोय करावी. रिकामटेकड्यास एखाद्या धंद्यास लावावे. आणि प्रत्येकाची मिळकत किती व खर्च किती, यावर नजर ठेवावी. कारण मिळकतीहून खर्च जास्त दिसला की तेथे काही काळेबेरे आहे. चोरी झाली तर चोर शोधावा, नाही तर भरपाईची जबाबदारी कोतवालाची. म्हणजे आज नगरपालिका, पोलीस, वजनमाप खाते, मजूर खाते आणि गुप्तवार्ता यांनी मिळून जे करावे ते सारे एका माणसाच्या गळ्यात!

एका माणसाने हे करावे कसे? मनुची नावाचा व्हेनिसचा प्रवासी औरंगजेबाच्या काळी येथे पुष्कळ वर्षे राहिला. तो सांगतो की प्रत्येक मोहल्ल्यात एक स्वार आणि वीस-तीस प्यादे गस्त घालीत. पण खरी खबर येई ती गस्तीतून नव्हे. घरोघर झाडझूड करण्यास जाणारे भंगी, ज्यांना तिकडे हलालखोर म्हणत, त्यांच्यावर असे बंधन होते की घरात जे दिसेल ते कोतवालास कळवावे. श्रोतेहो, येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. ज्याला घराच्या ओट्यावर बसू देत नव्हते, ज्याची सावली नको होती, तोच घराच्या आतल्या खोलीतून जाई. आणि घरमालक त्याच्यासमोर सारे बोलत असे, कारण तो माणूस आहे हे घरमालकाच्या गावीच नव्हते. बादशाहीने हे बरोबर हेरले. अपमानाचा उपयोग हेरगिरीसाठी केला. त्या झाडूवाल्याच्या पदरात काय पडले? काम दोन, झाडण्याचे आणि ऐकण्याचे. आणि मोबदला एकाचाही धड नाही.

आता आपला मुख्य माणूस. सिद्दी फौलादखान. आपल्या बखरीत आणि शाळेच्या पुस्तकांत तो फुलादखान म्हणून येतो. सिद्दी म्हणजे हबशी, मूळ आफ्रिकेतल्या लोकांपैकी. मराठवाड्यास हबशी माणसाचे नवल नाही. १६१० च्या सुमारास खडकी वसविणारा, आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर हबशीच होता, आणि गुलाम म्हणून विकला जाऊन तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. जंजिऱ्याचे सिद्दीही त्याच वंशाचे. सुरक्षेच्या जागांवर अशा परक्या माणसांना नेमण्याची राजांना आवड असे, यात एक हिशोब आहे. ज्याला शहरात भाऊबंद नाहीत, जात नाही, वतन नाही, त्याला धन्यावाचून दुसरा आधार नाही. तो धन्याला सोडून जाणार कोठे? गिरणीमालकही पहाऱ्यावर दूरच्या मुलखातला माणूस ठेवीत, गेटाबाहेरच्या कामगाराशी त्याचे नाते जुळू नये म्हणून. हिशोब तोच.

१६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. ५ मार्च १६६६ रोजी शिवाजीमहाराज राजगडाहून निघाले आणि १२ मे रोजी आग्र्यास औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले. पुढचा प्रसंग मराठी मुलाला पाठ आहे. महाराजांना जसवंतसिंहाच्या मागे उभे केले. महाराज रागाने बाहेर पडले. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यापुढच्या तीन महिन्यांविषयी. आंबेरच्या दरबारातील परकालदास नावाच्या कारकुनाने कल्याणदासास राजस्थानीत लिहिलेली पत्रे जदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. मोठ्यांच्या घडामोडी एका चाकराच्या नजरेने रोजच्या रोज टिपलेल्या, म्हणून आम्हांस ती फार मोलाची वाटतात.

त्यांवरून असे दिसते की औरंगजेबाचा पहिला विचार महाराजांना किल्लेदार रादअंदाजखानाच्या घरी हलविण्याचा होता, आणि ते काम कोतवालाकडे होते. तेथे नेणे म्हणजे मारणे, हे सर्वांनी ओळखले. तेव्हा मिर्झा राजा जयसिंहाचा मुलगा कुंवर रामसिंह आडवा आला. माझ्या बापाने शब्द दिला आहे, आधी मला मारा, मग त्यांना हात लावा, असा त्याचा निरोप गेला. बादशहाने उत्तर दिले : मग जामीन हो. रामसिंहाने लेखी जामीन दिला. पुढे कोतवालाचे शिपाई आणि तोफा महाराजांच्या तळाभोवती आल्या. आत रामसिंहाची माणसे, बाहेर फौलादखानाची. सभासदाची बखर पाच हजार माणसांचा आकडा सांगते.

आता पहाऱ्याचे शास्त्र पाहा. महाराजांनी आपल्या बरोबरची माणसे घरी पाठविण्याची परवानगी मागितली. बादशहास आनंद झाला, सोबती कमी होतील तेवढे बरे, आणि परवाने मिळाले. मग आजाराची बातमी. मग ब्राह्मणांना, फकिरांना मिठाईचे पेटारे. पहिल्या दिवशी शिपायाने पेटारा उघडून पाहिला असेल, दहाव्या दिवशी नुसता हात लावला असेल, तिसाव्या दिवशी मानेने खूण केली असेल. ज्याने कधी रात्रपाळीची राखण केली आहे त्यास हे सांगणे नको. दक्षता ही पगाराच्या बळावर आणि भीतीच्या बळावर काही दिवस टिकते. नंतर सवय तिची जागा घेते. आणि धरून ठेवलेल्या माणसाची बुद्धी मात्र रोज नव्याने जागी असते. पाच हजारांचे डोळे मिटत गेले आणि एका माणसाचे उघडे राहिले.

१७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज निसटले. १८ तारखेस दिवस वर आल्यावर बोभाटा झाला. हिरोजी अंथरुणात हात बाहेर टाकून निजला होता, असे बखर सांगते. पेटाऱ्यातून जाण्याची हकीकत बहुतेक जुन्या लेखकांनी दिली आहे, काही अभ्यासक वेगळा तर्कही करतात. आपणांस प्रश्न तो नाही. प्रश्न असा की त्या सकाळी फौलादखान बादशहासमोर काय बोलला असेल. बखरीत त्याच्या तोंडी असे उत्तर आहे की आम्ही वरचेवर जाऊन पाहत होतो, राजा खोलीतच होता, एकाएकी नाहीसा झाला. आकाशात गेला की पाताळात, कळत नाही. आपण हसतो. पण हे उत्तर नीट ऐका. त्यात एक शब्दही असा नाही की ज्यात कोणाची चूक निघावी. आम्ही पाहिले होते. नोंद झाली होती. पहारा बदलला होता. हजेरी पूर्ण होती. फक्त माणूस नव्हता! हिंदुस्थानातल्या कोणत्याही कचेरीतल्या चौकशीत हे उत्तर आजही जसेच्या तसे ऐकण्यास मिळेल.

मग शिक्षा कोणास झाली? ही आमच्या दृष्टीने सबंध कथेची नाडी आहे. पहारा फौलादखानाचा, पण कोतवालाची जागा काही गेली नाही. बादशहाचा रोख वळला रामसिंहावर. ज्याने शब्द पाळून एका माणसाचा जीव वाचविला होता, त्याला दरबार बंद झाला, त्याची मनसब गेली. त्याचा बाप मिर्झा राजा दक्षिणेतून परत बोलाविला गेला आणि ऑगस्ट १६६७ मध्ये बऱ्हाणपुरास मेला. आणि महाराजांचे दोन वकील, रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव, आग्र्यातच कोतवालाच्या हाती सापडले. त्यांना मारहाण झाली, हाल झाले. कशासाठी? रामसिंहाने मदत केली हे त्यांच्या तोंडून वदवून घेण्यासाठी. म्हणजे पहारा चुकला की पहाऱ्याचा मुख्य आधी काय शोधतो? गेलेला माणूस नव्हे, दोष ठेवण्यास दुसरा माणूस. आणि तो छळून का होईना, कबुलीच्या रूपाने कागदावर आणतो. ते दोघे पुढील वर्षी एप्रिलमध्ये सुटले. त्यांची नावे आपल्या चौकांना फारशी दिलेली दिसत नाहीत. महाराज सुटले याचा आनंद आपण साजरा करतो. मागे राहून ज्यांनी मार खाल्ला त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. आमच्या चळवळीत हे नेहमी घडते. संप यशस्वी झाला की पुढाऱ्याचा हार. आणि गेटवर ज्याची नोकरी गेली तो घरी.

आग्र्याच्या अपयशानंतर फौलादखान संपला असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. तेरा वर्षांनी, १६७९ मध्ये, दिल्लीचा कोतवाल म्हणून पुन्हा फौलादखानाचेच नाव येते. काम पुन्हा तेच, मोलाचा कैदी धरून ठेवणे. ज्या जसवंतसिंहाच्या मागे महाराजांना उभे केले होते, तो डिसेंबर १६७८ मध्ये सरहद्दीवर जमरूद येथे मेला. त्याच्या मागे जन्मलेला मुलगा अजितसिंह आणि राण्या दिल्लीत आल्या. औरंगजेबाने जोधपूरचे राज्य खालसा करावयाचे ठरविले होते, तेव्हा ते तान्हे मूल हाती असणे जरूर होते. १५ जुलै १६७९ रोजी कोतवाल फौज घेऊन त्यांच्या हवेलीवर गेला. राठोडांनी तलवारी उपसल्या. काही दारावर आणि गल्लीत लढून मेले आणि दुर्गादासाने मूल पळविले. राजस्थानी लोककथेत येथेही टोपलीच आहे. गारुड्याच्या टोपलीतून बाळ गेले असे सांगतात. फौलादखानाच्या नशिबी टोपल्या लिहिल्या होत्या!

या वेळी मात्र कोतवाल रिकाम्या हाताने धन्यासमोर उभा राहिला नाही. एका गवळ्याच्या घरी सापडले म्हणून त्याने एक मूल हजर केले. हाच अजितसिंह, असे बादशाही दप्तरात नोंदले गेले. ते मूल जनानखान्यात झेबुन्निसेच्या देखरेखीखाली वाढविले गेले आणि त्याचे नाव मुहम्मदीराज ठेविले. खरा अजितसिंह मारवाडच्या डोंगरात लपून वाढला आणि औरंगजेब मरताच १७०७ मध्ये जोधपुरास जाऊन बसला. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. १६६६ मध्ये कोतवालाने सांगितले, माणूस नाहीसा झाला. १६७९ मध्ये त्याने सांगितले, माणूस सापडला. पहिल्या वेळी खरे सांगण्याची किंमत काय असते हे त्याने पाहिले होते. दुसऱ्या वेळी धन्याला हवे ते त्याने आणून दिले. फख्रुद्दीन आणि अलाउल्मुल्क यांची परंपरा येथे तुटली. ते कोतवाल सुलतानाला नको ते ऐकवीत. ज्या राज्यात नको ते ऐकविणाऱ्याची बढती थांबते आणि हवे ते ऐकविणाऱ्याची नोकरी टिकते, त्या राज्यास शेवटी आपल्या कैदखान्यात कोण आहे हेदेखील कळेनासे होते.

औरंगजेबाच्या नावावर जे मृत्युपत्र सांगितले जाते त्यात अशा अर्थाचे एक कलम आहे : क्षणाच्या गाफिलीने जन्माची नामुष्की येते, शिवाजी बेसावधपणामुळे निसटला आणि त्यापायी मला अखेरपर्यंत खपावे लागले. तो बादशहा आपल्याच मराठवाड्यात, खुलताबादेस, साध्या कबरीत निजला आहे. आम्ही नम्रपणे म्हणू की त्याचे निदान अपुरे होते. पहारेकरी क्षणभर झोपला म्हणून राज्य गेले नाही. रयतेस, सरदारास, शेजाऱ्यास जे राज्य धरून ठेवण्याच्या वस्तू समजते, त्यास पहारा कधीच पुरत नाही.

येथे कोणी म्हणेल की हा परक्या बादशाहीचा दोष आहे. आम्हांस तसे वाटत नाही, आणि पुरावा पुण्याचा आहे. घाशीराम सावळदास, आपल्याच औरंगाबादेकडून पुण्यास गेलेला उत्तर हिंदुस्थानी गौड ब्राह्मण, १७७७ मध्ये नाना फडणिसांच्या कृपेने पुण्याचा कोतवाल झाला. तोफ झाल्यावर रस्त्यावर दिसेल त्यास धरावे, आल्यागेल्याची नोंद ठेवावी, भाव पाहावेत, कामे तीच. चौदा वर्षे त्याचे चालले. १७९१ मध्ये त्याने तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागी कोंडले आणि वीसएक माणसे गुदमरून मेली. शहर उठले. नानांनी कोतवालास लोकांच्या हाती दिले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांनी १९७२ साली त्यावर नाटक लिहिले, ते आपणांस माहीत आहे. धर्म वेगळा, भाषा वेगळी, दरबार वेगळा. पण परका माणूस आणावा, त्याला बेबंद अधिकार द्यावा, त्याने जमविलेल्या धाकाचा लाभ घ्यावा आणि अंगाशी आले की त्यालाच पुढे ढकलावे, ही रीत एकच. घाशीराम निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला नेमणाऱ्याच्या अंगणात त्या दिवशी एकही धोंडा पडला नाही, एवढे मात्र खरे.

आता आजचे थोडे बोलू.

आम्ही कामगारांच्या सभा घेतो तेव्हा मैदानाच्या कडेस साध्या कपड्यातला एक शिपाई वही घेऊन उभा असतो. आमचे तरुण कार्यकर्ते त्याच्यावर चिडतात. आम्ही त्यास चहा पाठवितो. तो उभा असतो तितके तास त्याला कोणी मोजून देत नाही. त्याच्या घरी लेकराचा वाढदिवस असतो आणि तो आमचे भाषण लिहून घेत असतो. १९६६ च्या कायद्याने पोलिसास सरकारच्या मंजुरीवाचून युनियनमध्ये जाता येत नाही. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना निघाली होती. १९८२ मध्ये तिची मान्यता काढली गेली, १८ ऑगस्टला मुंबईत पोलीसच रस्त्यावर आले आणि लष्कर बोलवावे लागले. शिस्त मोडून दंगल करणे चूकच. पण ज्यांच्या भरवशावर साऱ्यांचे संरक्षण, त्यांनी आपले दुःख बोलावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशीही मिळाले नाही. खासगी पहारेकऱ्यांसाठी १९८१ मध्ये आपल्या राज्याने कायदा केला, सुरक्षारक्षक मंडळे निघाली. ते चांगले काम झाले. तरी बँकेच्या यंत्राशेजारी, बांधकामावर, गोदामावर बारा बारा तास उभा असलेला म्हातारा आपण रोज पाहतो. लाखोंची राखण करणाऱ्याच्या पायात धड बूट नसतात. उद्या तेथे चोरी झाली तर प्रथम कोणास धरतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

आणि शेवटी आपला गावचा कोतवाल. बादशाही कोतवालाच्या हाताखाली फौज होती, याच्या हाताखाली त्याचे दोन पायच. वतने गेली, पगारी नोकरी आली नाही. मधल्या मध्ये मानधनावर त्याने पिढ्या काढल्या. पूर आला तर गावास जागे करणारा तो, निवडणुकीच्या पेट्या आल्या तर शाळा उघडून देणारा तो, साहेब आले तर पाणी भरणारा तो. चतुर्थ श्रेणीत घ्या, एवढेच मागणे तो कित्येक वर्षे मोर्चे काढून मांडीत आला. अलीकडे त्याचे पदनाम बदलून ‘महसूल सेवक’ केले आहे. नाव बदलले याचे आम्ही स्वागत करतो. पण नाव बदलल्याने चूल पेटत नाही. कोतवाल हा शब्द दिल्लीहून निघाला तेव्हा त्याच्यापाशी अधिकार होता आणि जबाबदारीही होती. आपल्या गावापर्यंत येता येता अधिकार वाटेत गळून गेला आणि जबाबदारी तेवढी शिल्लक राहिली.

तेव्हा या साऱ्यातून घ्यावयाचे ते काय? सुरक्षिततेच्या नावाखाली कोणी अधिकार मागू लागला तर नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. पहिला : तुम्ही नजर कोणावर ठेवणार, चोरावर की विचारावर? दुसरा : तुमचा पहारेकरी वरच्याला नको असलेले खरे सांगू शकतो काय, आणि सांगितल्यावर त्याची नोकरी राहते काय? तिसरा : पहारा चुकला तर शिक्षा कोठे थांबणार, मेजाशी की दाराशी? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली तर त्या राज्यातला कोतवाल आपल्या तारेवरच्या पाखरासारखा होईल, ज्याच्या झाडावर दुबळ्यांनी निर्धास्त घरटे बांधावे. उत्तरे मिळाली नाहीत तर पाच हजारांचा पहारा बसवा, नाक्यानाक्यावर साखळ्या लावा. जो जावयाचा तो जातोच, आणि मार खावा लागतो तो मागे राहिलेल्याला.